ताईनं बिघडवलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात देवावरून वाद होतात, राजकारणावरून होतात, वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालावं की नाही यावरून तर अबोले धरले जातात. पण घरातला पहिला कॉम्प्युटर ताईनं बिघडवला, यावर कधी वाद झाला नाही. आल्यागेल्याला पाणी द्यावं तशी ही गोष्ट आमच्याकडे दिली जाते. आधी पाणी, मग चहा, मग ताईनं कॉम्प्युटर कसा बिघडवला ते.

ताईला पाहायला भिवापूरची मंडळी आली, तेव्हाही बाबांनी ती सांगितली. मुलीच्या बापानं मुलीचे गुण सांगावेत, अशी जगाची रीत आहे. आमच्या बाबांनी आधी दोष सांगितला आणि वर हसले. म्हणाले, ‘फक्त मशीनपासून दूर ठेवा, बाकी पोट्टी लाखात एक आहे.’ मंडळी शेतीवाली, मिरचीवाली. त्यांना वाटलं, शिवणयंत्राबद्दल बोलून राहिले. त्यांनी हो म्हटलं.

म्हणजे ताईबरोबर भांडी गेली, पलंग गेला आणि ही गोष्टही सासरी गेली. भांड्यांना पोचे आले, पलंग बदलला, गोष्ट मात्र ठणठणीत राहिली. मिक्सर जळला की ताईकडे बघायचं. टीव्हीवर मुंग्या आल्या की ताईकडे बघायचं. एकदा तिच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला, तेव्हा ताई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तरी तिच्या दिराला ते बोलून दाखवल्याशिवाय राहवलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं, म्हणजे ताईच्या मुलानं, मिरचीची पूड फोनवरून विकायला सुरुवात केली. चांगलं चाललं. मिरच्या निवडते ताई, देठं खुडते ताई, कांडपाला उभी राहते ताई, शिंका ताईच्या आणि फोन मुलाच्या हातात. तो शेतावर गेला की फोन घरात वाजत पडतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. ताई त्याला म्हणाली, मला दाखव, ऑर्डरी मी पाहीन. तो म्हणाला, ‘आई, तू त्याले हात नको लावू. तू आजोबांचा कॉम्प्युटर बिघडवला होता.’ कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा या दिवट्याच्या आईचं लग्नही ठरलं नव्हतं.

त्याच दिवशी ताईचा मला फोन आला. तिचा स्वतःचा, बटणांचा.

‘तो डबा अजून आहे ना घरी?’

‘कोणता डबा?’

‘मी बिघडवलेला.’

‘आहे. माळ्यावर.’

‘उघड त्याले. मी काय बिघडवलं ते मले माह्या डोळ्यानं पाहाचं आहे. खरंच मी बिघडवलं असन, तं तसं सांग. मी जन्मभर कोणत्याच फोनले हात लावणार नाही. आन् नसन बिघडवलं, तं बाबांनी तसं तोंडानं म्हणावं.’

पहिला भाग मला जमण्यासारखा वाटला. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, घरी जुने रेडिओ उघडून बसतो, आणि उघडलेले काही रेडिओ पुन्हा बंदही होतात. अडचण दुसऱ्या भागाची होती. बाबांनी शब्द मागे घेतल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. समोरच्या प्लॉटमधल्या रामफळाच्या झाडाला त्यांनी एकदा सीताफळ म्हटलं. पुढे त्याला फळं लागली, ती त्यांनी खाल्ली, मग झाड वाळून गेलं. ते अजून सीताफळच आहे.

आता हा कॉम्प्युटर काय होता ते सांगतो. बाबा सरकारी खात्यात इंजिनिअर होते. त्यांच्या एका मित्रानं परदेशातून येताना तो आणून दिला. आजच्यासारखे वेगवेगळे डबे नव्हते. जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, उजव्या कुशीला फ्लॉपी घालायची फट आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही. बाबा सगळ्यांना सांगायचे की हा मी मुलांसाठी घेतला. म्हणजे मुलांपासून सांभाळायला घेतला. त्याला स्वतंत्र टेबल होतं, आईनं विणलेलं झाकण होतं, आणि त्याच्यापाशी जायचा एक विधी होता. आधी दारात उभं राहून विचारायचं, ‘बाबा, हात लावू का?’ बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणणार, ‘हात धुऊन ये.’ धुऊन आलं की हात आधी पालथे, मग उताणे करून त्यांना दाखवायचे. ओले दिसले तर पुन्हा पुसायला परत.

मी काही दिवस हात धुतले आणि कंटाळून मैदानावर गेलो. क्रिकेटच्या बॅटला असली सोवळी नव्हती. ताई मात्र धुवत राहिली. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या. त्यात व्हॅसलिन भरावं, तर ते कीबोर्डला लागेल म्हणून बाबा ओरडायचे. कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडं इंग्रजी पुस्तक तिनं कोशात शब्द बघत बघत वाचून काढलं. स्वतः प्रोग्राम लिहायला लागली. बाबा तिच्या मागे उभे राहून बघायचे. त्यांना त्यातलं काही येत नव्हतं, आणि हे आपल्या चेहऱ्यावरून कळत नाही अशी त्यांची समजूत होती.

तो दसऱ्याचा दिवस होता. आमच्याकडे दसऱ्याला घरातलं जे जे चालतं त्या सगळ्याची पूजा होते. आईचं शिवणयंत्र, विळी, स्कूटर, बाबांचा मल्टिमीटर आणि त्या वर्षी पहिल्यांदा कॉम्प्युटरही. सकाळी पूजा झाली, दुपारी पुरण झालं. संध्याकाळी लोक सोनं द्यायला यायच्या आधी ताईनं रीतसर विचारलं, रीतसर हात धुतले आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला काहीतरी दाखवायचं आहे. तिनं फ्लॉपी आत ढकलली. जात्यात खडा आल्यासारखं मशीन खरखरलं. पडद्यावर काही आलं नाही. फ्लॉपीही बाहेर येईना.

बाबांनी तिथल्या तिथे निकाल दिला, ‘पोट्टीनं बिघडवलं.’ पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही. उघडून पाहू म्हटलं तर सील तुटते म्हणे, उघडायचा हक्क कंपनीच्या माणसाचा. त्या कंपनीचा माणूस नागपुरात नव्हता, मुंबईतही असेल की नाही कोण जाणे. मशीन माळ्यावर गेलं. त्याच वर्षी शहरात कॉम्प्युटरचे वर्ग नवीनच निघाले होते आणि ताईला तिथं जायचं होतं. बाबा म्हणाले, ‘घरचं मशीन खाल्लं, आता बाहेरची खायले जाते काय?’ ताई नाही गेली. बी.ए.ला बसली, मग भिवापूरला गेली.

तर यंदा दसऱ्याच्या आधी मी बाबांपुढे जाऊन उभा राहिलो. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे, कान अर्धे गेलेत, आवाज पूर्ण शाबूत आहे.

‘माळ्यावरचा कॉम्प्युटर काढतो.’

‘काहून?’

‘दुरुस्त करतो.’

‘तू कंपनीचा माणूस आहे काय?’

‘बाबा, ती कंपनी बुडून जमाना झाला.’

‘बुडाली तं बुडाली. सील आहे त्यावर.’

‘ताईला पाहायचं आहे, काय बिघडलं होतं ते.’

‘त्यात काय पाहाचं? साऱ्या दुनियेले मालूम आहे.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘उघडाचं असन तं माह्यासमोर.’

माझी बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. म्हणाली, ‘वा. न्यायाधीश घरचा, वकील घरचा, आरोपी भिवापूरहून येणार. मी काय करू?’ मी म्हटलं, कोथिंबीर आणली आहे, सांबारवडी कर. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथे लिहिण्यासारखी नाही. पण वड्या केल्या.

नुसतं उघडून भागणार नव्हतं. इतक्या वर्षांनी फ्लॉपीचं यंत्र गंजलेलंच असणार, तेव्हा बदलायला दुसरं हवं होतं. मी बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानांत फिरलो. एकानं विचारलं, ‘फ्लॉपी? भैया, वो क्या होता?’ दुसऱ्याला माहीत होतं, म्हणून तो जास्त हसला. त्यानं शेजारच्याला बोलावून आणलं आणि मला पुन्हा विचारायला लावलं. शेवटी सावनेरला एक बंद पडलेला टायपिंग क्लास सापडला. मालकानं धुळीनं भरलेला एक जुना कॉम्प्युटर दाखवला आणि म्हणाला, यातलं काय पाहिजे ते काढून घ्या, उरलेलंही घेऊन जा, म्हणजे बायको मला घरात घेईल. त्यातून मी फ्लॉपीचं यंत्र काढलं. घरी येऊन झाडलं, पुसलं, आणि रुळावर शिवणयंत्राचं तेल सोडलं.

ताई रविवारी सकाळच्या बसनं आली. एका हातात मिरचीपुडीचं पोतडं, दुसऱ्या हातात रिकामी पिशवी, कारण माहेरून रिकाम्या हातानं जायचं नसतं. ती बाबांच्या पाया पडली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बाबांनी ‘सुखी राहा’ म्हटलं आणि टीव्हीचा रिमोट हळूच आपल्या मांडीखाली सरकवला. ताईनं ते पाहिलं.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून मी काम सुरू केलं. बाबा समोर, काठीवर दोन्ही हात ठेवून. खालचे स्क्रू काढताना कागदी सील फाटलं.

‘पाह्य, तोडलं,’ बाबा म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

वरचं झाकण निघालं, त्याखालचा पत्रा निघाला. उजव्या बाजूला फ्लॉपीचं यंत्र स्क्रूंनी बसवलेलं होतं. त्याची रुंद पट्टीची वायर सोडवली आणि ते बाहेर घेतलं. ताईची निळी फ्लॉपी अजून त्याच्या तोंडात अडकलेली होती. फ्लॉपी आत गेली की तिला धरून खाली बसणारा एक पत्र्याचा पिंजरा असतो. हा पिंजरा अर्ध्यातच तिरका थांबला होता, ना वर, ना खाली. मी विजेरी मारली. पिंजऱ्याच्या बिजागरीपाशी काहीतरी होतं. चिमट्यानं ओढलं तर निघालं, आणि त्याच्या मागून आणखी आलं. मी ते स्टीलच्या ताटलीत ठेवलं.

तांदूळ होते. पांढरे नव्हते. कधीकाळी लाल असलेले, आता विटकरी.

‘काय आहे ते?’ बाबांनी विचारलं.

‘अक्षता,’ मी म्हटलं.

माझी बायको वड्यांचं ताट घेऊन दारातच थांबली. ताई पुढे वाकली, एक दाणा बोटावर घेऊन तिनं तो डोळ्यापाशी नेला आणि पुन्हा ताटलीत ठेवला.

‘उंदरानं नेले असन,’ बाबा म्हणाले.

‘उंदीर कुंकू लावून खाते काय, बाबा?’ ताईनं विचारलं.

‘मंग तुह्या आईनं...’ बाबांनी सुरुवात केली आणि पुढचं गिळलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. तिच्यावर ढकलणं सोपं होतं, पण हार घातलेला तिचा फोटो बरोबर समोर होता.

‘आई ताट धरून उभी होती,’ ताई म्हणाली. ‘पूजा तुम्ही केली. दुसऱ्या कोणाले हात लावायची परवानगी होती काय? त्या फटीले तुम्ही गंध लावलं. आन् हे मशीनचं तोंड, म्हणून चिमूटभर अक्षता तिथंच सोडल्या. मले आता दिसून राहिलं सगळं. आम्ही हात जोडून मागंच होतो.’

खरं होतं. मीही होतो. मला पुरणाची घाई होती, पण बाबांची ती चिमूट मलाही आठवली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कोणाच्या डोक्यात काही आलं नव्हतं. पूजेनं काही बिघडू शकतं हे आमच्या घरात कोणाला सुचणं शक्यच नव्हतं. पोरीच्या हातानं बिघडू शकतं, हे मात्र लगेच सुचलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती आमच्याकडे दसऱ्याच्या दिवशी, सोनं वाटायच्या आधी देऊन झाली होती.

‘मले राग येऊन राहिला, बाबा,’ ताई म्हणाली. ती ओरडली नाही. ‘लय राग येऊन राहिला. मले वाटे, खरंच माह्या हातात काही खोट आहे. सासरी मिक्सरचं बटण दाबाले मी भ्यायची. नणंदेले म्हणायची, तूच दाब वं बाई. पोट्टे हसत. मीबी हसायची. तुम्ही त्या क्लासले नाही म्हटलं तवा मी भांडलीबी नाही. काहून भांडू? मीच तं बिघडवलं होतं ना.’

बाबांनी ताटलीकडे पाहिलं, मग काठी टेकत उठले आणि व्हरांड्यात जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. ताईनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. मला म्हणाली, ‘तुहा फोन दे.’ मी दिला. फोटो कुठून काढतात ते तिनं एकदा विचारलं, ताटली उजेडात सरकवली, दाण्यांचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. खाली काय लिहायचं ते मी सांगणार होतो, तर म्हणाली, येते मले. तिनं लिहिलं, ‘मी हे बिघडवलं होतं.’ मग वडी उचलली. तोवर मी एकट्यानंच अर्धं ताट संपवलं होतं, हे बायकोनं अजून ऐकवायचं सोडलेलं नाही.

‘आता बसव ते,’ ताई म्हणाली. ‘मले फ्लॉपी पाहाची आहे.’

फ्लॉपी मी पिंजऱ्यातून अलगद सोडवली. तांदळानं एक उपकार केला होता. पिंजरा पूर्ण खाली बसलाच नव्हता, त्यामुळे आतल्या चकतीला काही घासलं नव्हतं. स्पिरिटच्या बोळ्यानं वरचं कुंकू पुसलं आणि सावनेरचं यंत्र त्याच्या जागी बसवलं. वायर लावली, टीव्हीला जोडलं, बटण दाबलं. पडदा उजळला. फ्लॉपीचा दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. यंत्र जागचं हललं नाही.

‘नाही चाललं ना?’ व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला. अर्धे गेलेले कान अशा वेळी पूर्ण परत येतात. आवाजात आशा होती, ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

ताईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, घाबरू नको. या जातीचा कॉम्प्युटर पत्त्यावर जाऊन शून्य नंबरच्या घराची बेल वाजवतो, आणि सावनेरहून आलेला हा पाहुणा एक नंबरात राहायला शिकलेला होता. त्याला घर बदलायला लावायचं होतं, म्हणजे त्याच्या मागची तांदळाएवढी एक टोपी उपटून शेजारच्या दोन काड्यांवर बसवायची होती. तांदळाएवढीच, काय करणार. ती बसवली. पण आता फ्लॉपी बाहेर काढायचं बटण कॉम्प्युटरच्या खिडकीत बसेना, ते अंमळ खाली येत होतं. मी कानस घेतली आणि खिडकीची कड घासायला लागलो.

तो आवाज बाबांना सहन झाला नाही. काठी वाजली आणि ते दारात आले. ‘कंपनीच्या बॉडीले कानस लावून राहिला? काही लाजलज्जा?’ मी घासत राहिलो. ते आले ते परत गेले नाहीत. आपल्या खुर्चीवर बसले. रिमोट तिथंच उघडा पडला होता, तो त्यांनी उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवला. ताईच्या बाजूच्या.

सगळं बसल्यावर मी ताईला फ्लॉपी दिली. म्हटलं, तूच घाल. ती उठली आणि बेसिनकडे गेली. ती कुठे निघाली ते मला आधी कळलंच नाही. साबण लावून हात धुतले, टॉवेलला पुसले, आणि परत येताना तिनं ते आधी पालथे, मग उताणे करून स्वतःच पाहिले. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांनी नजर खाली घेतली.

फ्लॉपी आत गेली. टक् करून बसली. खर्र, टकटक, खर्र. नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर माणूस ठेवला तर उतरवताना उचलावा लागेल, तिथे या प्लॅस्टिकच्या चौकोनानं काय तग धरला असेल, असं मी मनात म्हणत होतो. पडदा काळा झाला. मग त्याच्या मधोमध हिरवे ठोकळे उमटायला लागले, एकावर एक, सावकाश, फार सावकाश. त्यांची पानं झाली. आपट्याची, जोडजोड पानं, पूर्ण फांदी. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी आलं. बाबा, सोनं घ्या. सोन्यासारखे राहा. आणि त्याच्या खाली, कोणतंही बटण दाबा.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ओठ हलवत ते वाचलं.

‘हे काय आहे?’

‘त्या दसऱ्याचं,’ ताई म्हणाली. ‘तुम्हाले दाखवाचं होतं.’

‘मंग? बटण दाबलं तं काय होते?’

‘पानं सोनेरी होतात.’

ती दाबणार नव्हती, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. हात मांडीवर, पाठ खुर्चीला. मी दाबणं शक्यच नव्हतं, माझं नाव त्यात नव्हतं. बाबा काठी टेकत टेबलापाशी आले. त्यांचा हात कीबोर्डवर गेला आणि वरच थांबला. माझा बाप कोणाला विचारून काही करत नाही. आईला विचारून त्यांनी कधी साधी भाजी आणली नाही. पण तो हात तसाच थांबला आणि त्यांनी ताईकडे पाहिलं.

‘हात लावू का?’ त्यांनी विचारलं.

ताईनं पडद्यावरची हिरवी पानं पाहिली, ताटलीतले दाणे पाहिले, मग बाबांकडे.

‘हात धुऊन या,’ ती म्हणाली.

बाबा वळले आणि काठी टेकत बेसिनकडे गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आले तेव्हा काठी त्यांनी काखेत दाबून धरली होती. ताईसमोर उभं राहून त्यांनी आधी हात पालथे केले, मग उताणे.